नोंदींनी तारलेली शस्त्रक्रिया : लठ्ठपणावरील शल्योपचारांची वाटचाल

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अतिलठ्ठपणा हा वैद्यकाच्या दृष्टीने आजार कमी आणि स्वभावदोष अधिक मानला जात असे. जिभेवर ताबा नाही म्हणून वजन वाढते आणि ताबा आला की ते उतरेल, एवढी मांडणी बहुतेक डॉक्टरांना पुरेशी वाटत होती. उपचार म्हणून आहार तोडला जाई, थायरॉइड ग्रंथीचा अर्क दिला जाई, पुढे ॲम्फेटामिन वर्गातील भूक मारणाऱ्या गोळ्याही सर्रास लिहून दिल्या जाऊ लागल्या. वजन काही महिने उतरे आणि मग पहिल्यापेक्षाही वर चढे. रुग्णाला मात्र मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, गुडघे झिजणे आणि अकाली मृत्यू यांची किंमत मोजावी लागे, आणि वर समाजाची कुचेष्टा सोसावी लागे ती वेगळीच. अशा काळात काही शल्यचिकित्सकांनी पोट उघडून, आतड्याची किंवा जठराची रचना बदलून वजन उतरवण्याचा विचार मांडला. आज ही शाखा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया या नावाने प्रस्थापित झाली आहे. ती प्रस्थापित झाली ती शल्यचिकित्सकांच्या हस्तकौशल्यामुळे जितकी, त्याहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसांची वर्षानुवर्षे, कंटाळा न करता ठेवलेल्या नोंदींमुळे, हे तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

या इतिहासाचा पहिला टप्पा मुख्यतः अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात घडला. तेथील शल्यविभागाचे प्रमुख ओवेन वँगेनस्टीन यांनी प्रयोगशाळेतील संशोधन हा शल्यशिक्षणाचा अनिवार्य भाग केला होता, आणि त्याच वातावरणात क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून लहान आतड्याच्या वरच्या आणि खालच्या भागाचे पोषणातील महत्त्व तपासले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून असे दिसले की आतड्याचा वरचा निम्मा भाग वगळला तरी प्राणी बऱ्यापैकी तग धरतो, परंतु खालचा निम्मा भाग वगळला की स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडते आणि वजन घटते. स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी त्याआधी, १९५२ मध्येच, एका लठ्ठ स्त्रीच्या लहान आतड्याचा १०५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढून टाकल्याचे नोंदवले होते. काढलेले आतडे परत जोडता येत नाही. मिनेसोटातील कल्पना मात्र आतडे न काढता अन्नाला जवळच्या वाटेने नेण्याची होती, आणि ही वळणवाट, म्हणजे बायपास, गरज पडल्यास पूर्ववत करता येईल असा तिच्यामागील भरवसा होता.

लॉस एंजेलिस येथील पेन आणि डीविंड यांनी ही कल्पना रुग्णांवर आणली. १९५६ पासून त्यांनी लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडण्यास आरंभ केला आणि १९६३ मध्ये अशा १० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वजन झपाट्याने उतरले, पण त्यासोबत न थांबणारे जुलाब, शरीरातील क्षारांचा तोल ढळणे आणि यकृताचे बिघाड आले. आणि मूळ बेतानुसार वजन उतरल्यावर आतडे पुन्हा जागच्या जागी जोडले की उतरलेले सगळे वजन परत येई. तेव्हा त्यांनी बेत थोडा सौम्य केला. १९६९ च्या त्यांच्या वृत्तांतातील रचनेत लहान आतड्याच्या वरच्या टोकाचा सुमारे ३५ सेंटिमीटर आणि शेवटच्या टोकाचा सुमारे १० सेंटिमीटर एवढाच भाग अन्नाच्या वाटेत ठेवला होता आणि मधले अनेक मीटर आतडे नुसतेच पोटात पडून राहत होते. या बेताचे आकर्षण उघड होते: रुग्णाने हवे ते खावे, शरीराने ते शोषूच नये. पुढील दशकभरात अमेरिकेत आणि युरोपात हजारो लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली.

तिचे परिणाम सावकाश, महिन्यांनी आणि वर्षांनी उघड होत गेले, आणि ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण या शाखेची पुढची सारी सावधगिरी त्यांतून जन्मली. अन्नाच्या वाटेतून वगळलेले आतडे मृत नसते. त्यात अन्न जात नाही, पण जंतू वाढत राहतात, आणि त्या जंतूंची विषद्रव्ये रक्तात उतरून सांधे सुजणे, त्वचेवर पुरळ येणे, यकृतात चरबी साठणे व वण पडणे असे विकार उद्भवतात. न पचलेले स्निग्ध पदार्थ आतड्यातील कॅल्शियमला पकडून ठेवतात, त्यामुळे एरवी कॅल्शियमशी बांधला जाऊन शौचावाटे निघून जाणारा ऑक्झॅलेट हा क्षार मोकळा राहून मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात खडे तयार करतो. स्निग्ध पदार्थांबरोबरच शोषली जाणारी अ आणि ड ही जीवनसत्त्वे मिळेनाशी होऊन काहींना रातांधळेपणा आला, काहींची हाडे ठिसूळ झाली. यकृत पूर्णपणे निकामी होऊन मृत्यू पावलेल्या रुग्णांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया मागे पडली आणि अनेक रुग्णांची आतडी पुन्हा शस्त्रक्रिया करून पूर्ववत करावी लागली.

या अपयशाचा दोष केवळ कल्पनेच्या माथी मारणे अपुरे ठरेल. नवीन उपचार फसतात, हे वैद्यकात नवीन नाही. परंतु येथे उपचाराचा प्रसार त्याच्या परिणामांच्या नोंदीपेक्षा कितीतरी वेगाने झाला. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी जात, वजन उतरले म्हणून काही काळ समाधानी असत, आणि दोन-तीन वर्षांनी दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच डॉक्टरकडे मूतखडा किंवा कावीळ घेऊन पोहोचत. मूळ शल्यचिकित्सकाला त्याची खबरही नसे. हजारो माणसांच्या शरीरांवर झालेल्या प्रयोगाचा हिशेब कोणीही एका ठिकाणी मांडलेला नव्हता, ही या काळातील सर्वांत गंभीर चूक होती.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी पुढे नेमकी हीच उणीव ओळखली, पण त्यांची सुरुवात एका वेगळ्या शस्त्रक्रियेने झाली. मेसन यांचे शल्यशिक्षण वँगेनस्टीन यांच्याच विभागात झाले होते. जठरव्रणासाठी, म्हणजे पोटातील अल्सरसाठी, ज्या स्त्रियांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला जाई, त्या पुढे वर्षानुवर्षे सडपातळ राहत आणि प्रयत्न करूनही त्यांचे वजन वाढत नसे, ही अनेक शल्यचिकित्सकांना माहीत असलेली पण व्रणाच्या उपचाराचा अनिष्ट परिणाम म्हणून बाजूला टाकलेली गोष्ट होती. मेसन यांनी तिच्याकडे उपचार म्हणून पाहिले. चिकाशी इटो यांच्यासह प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी १९६६ मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. या रचनेत जठर आडवे विभागून वरच्या बाजूस एक लहान पिशवी ठेवली जाई आणि ती थेट लहान आतड्याला जोडली जाई. उरलेले जठर जागेवरच राही आणि त्यातील पाचकरस खालच्या बाजूने आतड्यात उतरत, त्यामुळे आतड्याचा कोणताही लांब भाग कोंडून पडत नसे. पेन यांच्या बेतात न झालेली गोष्ट येथे साधली होती, ती म्हणजे वगळलेल्या भागातूनही पाचकरसांचा प्रवाह चालू राहत होता.

मेसन यांचा मोठेपणा शोधात जेवढा आहे, तेवढाच स्वतःच्या शोधाला पुनःपुन्हा तपासण्यात आहे. वरची पिशवी मोठी राहिली तर वजन पुरेसे उतरत नाही आणि जोडाच्या ठिकाणी व्रण होण्याची भीतीही वाढते, हे लक्षात आल्यावर १९७० च्या दशकात त्यांनी ती बरीच लहान केली. याच सुमारास केंटकीतील वॉर्ड ग्रिफेन यांनी पित्त उलटे पिशवीत शिरू नये म्हणून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी वापरली; ही जोडणी स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच कारणांसाठी रूढ केली होती, आणि म्हणून आजही तिला ‘रू-एन-वाय’ म्हणतात. त्यातच सोव्हिएत संघात विकसित झालेली धातूच्या टाचण्यांनी ऊती शिवणारी यंत्रे मार्क रॅविच यांच्या १९५८ मधील दौऱ्यानंतर अमेरिकेत पोहोचली होती, आणि त्यांनी जठर विभागण्याचे काम जलद आणि सुरक्षित केले. मेसन यांनी १९८० मध्ये आतडे अजिबात न वळवता जठराचीच उभी लहान नळी करून तिच्या तोंडाशी न ताणणारी पट्टी बसवण्याची रचना आणली. ती सोपी असल्याने झपाट्याने पसरली. मात्र रिचमंड येथील हार्वे शुगरमन यांनी १९८७ मध्ये दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना करून दाखवले की गोड खाण्याची सवय असलेल्या रुग्णांत ती बायपासच्या मानाने बरीच कमी पडते, कारण आइस्क्रीम किंवा गोड पेय अरुंद तोंडातूनही विनासायास उतरते. १९८३ मध्ये अमेरिकेतील बॅरिॲट्रिक शल्यचिकित्सकांची संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष मेसन झाले, आणि त्याच दशकात त्यांनी आयोवा येथे या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एका माणसाच्या दीर्घ आयुष्यात (१९२०-२०२०) त्याच्याच शस्त्रक्रियेच्या परिणामांचा पन्नास वर्षांचा हिशेब त्याला पाहता आला, हे शल्यचिकित्सेच्या इतिहासात क्वचित घडते.

१९९० नंतर तंत्र वेगाने बदलले. सॅन डिएगो येथील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये दुर्बिणीने, म्हणजे लहान छिद्रांतून कॅमेरा आणि उपकरणे घालून, केलेल्या बायपासचा वृत्तांत दिला. बेल्जियममध्ये बेलाशू यांनी जठराभोवती सैल-घट्ट करता येणारी सिलिकॉनची पट्टी याच पद्धतीने बसवली. पट्टीची लाट आली आणि दीर्घकाळात ती सरकणे, जठरात रुतणे, वजन परत येणे अशा कारणांनी ओसरली. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये यांच्या गटाने अतिप्रचंड वजनाच्या रुग्णांवरील धोकादायक शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत विभागली, आणि पहिल्या टप्प्यात जठराचा बहुतांश भाग काढून केवळ उभी नळी ठेवली; त्यांतील बऱ्याच जणांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही. ‘स्लीव्ह’ नावाची ही शस्त्रक्रिया आज जगात सर्वाधिक केली जाते.

तथापि या शाखेचा अर्थच बदलून टाकणारी घटना तंत्रात घडली नाही. ती उत्तर कॅरोलायनातील ग्रीनव्हिल या छोट्या शहरातील विद्यापीठाच्या रुग्णालयात, रक्तशर्करेच्या तक्त्यांवर घडली. तेथे वॉल्टर पोरीस आणि त्यांचे सहकारी १९८० पासून गॅस्ट्रिक बायपास करत होते. शस्त्रक्रियेनंतर मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरल्यावर सुधारेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती काही दिवसांतच, अजून वजनात नाव घेण्याजोगा फरक पडलेला नसताना, उतरत असे आणि इन्सुलिन थांबवावे लागे. पोरीस यांनी १९९५ मध्ये १४ वर्षांत शस्त्रक्रिया केलेल्या ६०८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सरासरी वजन सुमारे १३८ किलोवरून वर्षभरात ८७ किलोपर्यंत उतरले होते आणि १४ वर्षांनीही ते ९३ किलोच्या आसपास टिकले होते. आणि मधुमेह असलेल्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा औषधाविना सामान्य झाली होती. असे होईल असे कोणाला वाटले असते, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. न्याय्यपणे पाहता सुगावा जुनाच होता: जठराचा भाग काढल्यावर मधुमेह सुधारल्याची निरीक्षणे फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु पोरीस यांच्यापाशी रुग्णांना चौदा वर्षे न सोडता ठेवलेली कागदपत्रे होती, आणि म्हणून त्यांचे म्हणणे टाळता आले नाही.

यानंतर संशोधकांना जठर आणि आतडे यांच्याकडे केवळ पिशवी आणि नळी म्हणून पाहणे सोडावे लागले. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून स्रवणारे व भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक शोधले, आणि २००२ मध्ये सिॲटल येथील डेव्हिड कमिंग्ज यांनी बायपास झालेल्या रुग्णांच्या रक्तात ते फारच कमी आढळते असे दाखवले. आहाराने वजन उतरवले तर मात्र घ्रेलिन वाढते, म्हणजे शरीर स्वतःच माणसाला पुन्हा खाण्याकडे ढकलते. दुसरीकडे, बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ नावाच्या संप्रेरकाचा स्राव वाढतो, आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते व मेंदूला तृप्तीचा संकेत देते. फ्रान्चेस्को रुबिनो यांनी तर लठ्ठ नसलेल्या पण मधुमेही असलेल्या उंदरांमध्ये आतड्याची वरची वाट वळवून, वजनाचा संबंध न येता साखर सुधारते हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांना दशकानुदशके इच्छाशक्ती नाही म्हणून हिणवले गेले, त्यांची भूक त्यांच्या इच्छेच्या बाहेरच्या रसायनांनी बऱ्याच अंशी ठरत होती, हे या संशोधनाने दाखवून दिले. जीएलपी-१ चे काम करणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे आज वजनासाठी वापरली जातात, तीही याच संप्रेरकाच्या अभ्यासातून आली.

मधुमेह सुधारतो, वजन टिकते; पण माणसे अधिक जगतात का, हा शेवटचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर स्वीडनने दिले. गोथेनबर्ग येथील लार्स शोस्ट्रम यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात २०१० जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि २०३७ तितक्याच लठ्ठ व्यक्तींच्या नियंत्रण गटाला नेहमीचे उपचार मिळाले. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यास नीतिसमित्यांनी परवानगी दिली नाही, कारण त्या काळी शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका फार मोठा समजला जाई; त्यामुळे गट रुग्णांच्या इच्छेनुसार पडले आणि हा या अभ्यासाचा दुबळेपणाही आहे. तरी स्वीडनमधील नागरिक-नोंदींमुळे कोण जगले आणि कोण मृत्यू पावले याचा हिशेब जवळजवळ पूर्ण ठेवता आला. सरासरी १०.९ वर्षांनंतर, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात नियंत्रण गटात १२९ आणि शस्त्रक्रिया गटात १०१ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा येथील ॲडम्स यांनी ७,९२५ जोड्यांच्या तुलनेत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी, आणि मधुमेहामुळे होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी कमी असल्याचे दाखवले. याच आकड्यांत एक कटू बाबही होती: अपघात, आत्महत्या अशा आजाराखेरीजच्या कारणांनी झालेले मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक होते. स्वीडिश अभ्यासातील मधुमेहाचे आकडेही तितक्याच प्रामाणिकपणे मांडले गेले. दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रुग्ण त्या आजारातून बाहेर आले होते, पण दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले. तरीही नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ते अवघे १३ टक्के होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे आयुर्मान नियंत्रण गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमी निघाले.

या पुराव्यांपुढे मधुमेहतज्ज्ञांनाही आपली भूमिका बदलावी लागली. क्लीव्हलँड आणि रोम येथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग २०१२ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत शस्त्रक्रिया निव्वळ औषधांपेक्षा सरस ठरली. २०१६ मध्ये शस्त्रक्रियेला मधुमेहाच्या उपचारक्रमात औपचारिक स्थान देणारे संयुक्त निवेदन निघाले. १९९१ च्या अमेरिकी निकषांत बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय, ४० किंवा सोबत आजार असल्यास ३५ असल्याशिवाय शस्त्रक्रिया सुचवली जात नसे. २०२२ च्या निकषांनी ही मर्यादा ३५ आणि आजार असल्यास ३० अशी खाली आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास सांगितले.

आशियाई लोकांसाठी वेगळा आकडा का, याचे उत्तर शोधताना पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही चरबी अधिक बाळगते हे अनेक अभ्यासांतून दाखवले होते. २००४ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्या छायाचित्रात दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये बीएमआय २५ पासूनच लठ्ठपणा मानावा आणि शस्त्रक्रियेच्या मर्यादा ३७.५ व ३२.५ ठेवाव्यात असे सुचवले, त्यामागे हीच समज आहे. या शस्त्रक्रियांसाठी लागणारे दुर्बिणीचे कौशल्यही महाराष्ट्रात अगोदरच रुजले होते; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढून भारतात या तंत्राचा पाया घातला होता.

आज अनुभवी हातांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका अल्प आहे. अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या २००९ च्या अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. धोका आता पुढच्या वर्षांत असतो. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांचे शोषण आयुष्यभर अपुरे राहते, सतत उलट्या होत असतील तर बी-१ च्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते, आणि मद्य रक्तात अधिक वेगाने चढत असल्याने व्यसनाची शक्यता वाढते. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची कमतरता मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळते, हेही पुण्यातील अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणून ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी वजन उतरले म्हणून गोळ्या आणि तपासण्या बंद करू नयेत, वर्षातून किमान एकदा रक्त तपासून घ्यावे. आणि ती करणाऱ्या रुग्णालयांनी आपल्या प्रत्येक रुग्णाचा पत्ता दहा-वीस वर्षे सांभाळावा, जे पेन यांच्या काळात झाले नाही आणि शोस्ट्रम यांनी करून दाखवले.